बारा फोटो, मागे सही

ताईला लग्नानंतर राहायला मिळणार होती ती नारायण पेठेतली खोली मी घालवली. जुगारात नाही, व्यसनात नाही. त्या खोलीचे बारा फोटो काढले, प्रत्येकाच्या मागे तारीख घालून सही केली आणि घरमालकांच्या हातात नेऊन दिले. वर ‘नाना, अजून लागले तर सांगा’ असंही म्हणालो. तेव्हा मी अठराचा होतो. म्हणजे ‘लहान होता, कळत नव्हतं’ ही सवलतही मला मिळत नाही. आमच्या घरात ती कुणी देऊही केली नाही.

खोली म्हणजे खरोखरच एक खोली. तीन मजली इमारतीतला मधला मजला, आत कोपऱ्यात मोरी आणि पुढे बोळावर आलेली लाकडी कठड्याची गॅलरी. आई, बाबा, ताई आणि मी असे चौघं तिथं वाढलो. बाबासुद्धा वाढलेच म्हणायचे, कारण ते तिथं राहायला आले तेव्हाचा त्यांचा एक फोटो आहे आणि त्यात त्यांच्यापेक्षा त्यांची छत्री जाड दिसते. पुढे बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी कर्वेनगरला सोसायटी काढली, त्यात आम्हाला दोन खोल्यांचा ब्लॉक मिळाला आणि आम्ही बाडबिस्तरा तिकडं हलवला. पेठेतली खोली मात्र सोडली नाही. भाड्याची खोली आपण होऊन परत करणं म्हणजे चांगला दात आपण होऊन उपटून देणं, असं तेव्हा सगळेच मानायचे. आणि आमच्याकडे तर कारणही होतं. ताईचं शरदशी जमलं होतं. शरद त्याच पेठेत एका छापखान्यात मशीनवर होता आणि झोपायला कॉट बेसिसवर, सहा जणांच्या खोलीत दाराजवळच्या कॉटवर जायचा. त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न आधी व्हायचं होतं, म्हणून दोघांना दोन वर्षं थांबणं भाग होतं. बाबांनी शब्द दिला होता, ‘तुम्ही थांबा, खोली मी राखतो.’ ताई जिथं शिकवायची ती बालवाडी खोलीपासून पाच मिनिटांवर, शरदचा छापखाना सात मिनिटांवर. ताईनं पडद्याचं कापडही बघून ठेवलं होतं.

अडचण एवढीच होती की, सलग सहा महिने जागा वापरात नसेल तर मालक ती परत मागू शकतो, असं बाबांच्या ऑफिसातल्या एका जाणत्यानं सांगितलं होतं. तेव्हा जागा वापरात आहे असं दिसायला हवं. आमच्या इमारतीत नऊ भाडेकरू होते आणि त्यांतले चार जण राहत नव्हते, दिसत होते. कुणी कोथरूडला, कुणी सहकारनगरला राहायचं आणि संध्याकाळी येऊन पेठेत दिवा लावून जायचं. आमच्याकडे हे खातं माझ्याकडे होतं. कॉलेज सुटलं की सायकल मारत जायचं, कुलूप काढायचं, दिवा लावायचा, ट्रान्झिस्टरवर सातच्या बातम्या मोठ्यानं लावायच्या, दोन भांडी मोरीत उगाच घासल्यासारखी आपटायची आणि आईनं पिशवीत घालून दिलेले ओले कपडे गॅलरीबाहेरच्या तारेवर वाळत घालायचे. आदल्या दिवशीचे वाळलेले काढून घरी न्यायचे. म्हणजे आमचे कपडे कर्वेनगरात धुतले जायचे आणि नारायण पेठेत वाळायचे. घरमालक नाना तळमजल्यावर राहायचे. पंचा नेसून ओट्यावर पेपर वाचत बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पेपरच्या वरच्या कडेवरून बघायचे. त्यांच्या डोळ्यांची सोय अशी झाली. नाकाची सोय आईनं केली होती.

दर गुरुवारी आई मला एका छोट्या बाटलीत तेल, कागदाच्या पुड्यांत मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि ठेचलेला लसूण द्यायची. वातीचा स्टोव्ह तिथं ठेवलेलाच होता. त्यावर कढली ठेवायची आणि झणझणीत फोडणी करायची. कशाला, तर कशालाच नाही. नुसती फोडणी. वास गॅलरीतून खाली नानांकडे गेला पाहिजे, म्हणजे वर संसार चालू आहे हे त्यांना कळेल, असा हिशेब. पहिले दोन गुरुवार मी ती फोडणी मोरीत ओतली. मग माझ्यातला सोळा वर्षांचा भुकेला माणूस जागा झाला. मी कोपऱ्यावरून चुरमुरे आणायला लागलो, फोडणी गार झाली की त्यावर ओतायचो, वर कच्चा कांदा. आज माझ्या हातचं भडंग नातेवाईक मागून खातात. ती कला कुठं शिकलो हे मी कुणाला सांगत नाही. आता सांगितलं.

कॅमेरा शरदनं दिला. होणाऱ्या मेहुण्याला काहीतरी द्यावं, असं त्याच्या मनात आलं असावं. त्याच्या छापखान्यात फोटोंचे ठसे करणारा एक ब्लॉकमेकर निवृत्त होताना त्याला तो देऊन गेला होता. धातूचा, चपटा, शर्टाच्या खिशात जेमतेम मावणारा. लेन्स एकच, ती काढता यायची नाही, बदलता यायची नाही, आणि जवळचं-लांबचं करायची काही सोयच नाही. मी पहिला प्रश्न तोच विचारला. शरद फार बोलायचा नाही. म्हणाला, “जवळचं पाहिजे असेल तर जवळ जायचं.” मग त्यानं अंतराची चकती दहा फुटांवर आणली, उजेड आत घेणारं छिद्र आठवर ठेवलं आणि म्हणाला, “याला हात लावू नकोस. दहा फुटांवर उभं राहा आणि बटण दाब. आणि दिलीप, दिसेल त्याच्या मागं धावू नकोस. एकच गोष्ट धर. पुन्हा पुन्हा तीच काढ, म्हणजे शिकशील.” हा सल्ला मी इतका मनावर घेतला की पुढचं सगळं त्यातून झालं. शरदनं तो पुन्हा कुणालाही दिल्याचं ऐकिवात नाही.

दहा फूट हे अंतर फार विचित्र असतं. पुण्यात तर फारच. वीस फुटांवरून तुम्ही माणसाकडे पाहिलंत तर तो दुर्लक्ष करतो, पाच फुटांवर आलात तर तो तुम्हाला ओळखीचा समजतो, पण दहा फुटांवर थांबून डोळ्याला काहीतरी लावलंत की त्याला जाब विचारायला बरोबर ऐकू येईल इतके तुम्ही जवळ असता आणि पळून जायला लाज वाटेल इतके लांब. पहिल्या आठवड्यात एका सायकल दुरुस्तीवाल्यानं मला विचारलं, “पंक्चर आहे?” मी नाही म्हणालो. “मग उभे का?” एका आजोबांचा पायरीवर बसून चष्मा पुसतानाचा फोटो मी घेतला. ते शांतपणे चष्मा घालून म्हणाले, “आता मला तुम्ही दिसलात. घेण्याआधी विचारलं होतंत?” मी म्हणालो, नाही. “मग जातानाही विचारू नका.” पालेभाजीवाल्या बाईंनी तर मी कॅमेरा वर करताच मेथीची जुडी माझ्या पिशवीत कोंबली आणि फोटो होऊन गेल्यावर हात पुढे केला. त्या महिन्यात आमच्या घरी मेथी वारंवार झाली.

हल्ली मी पुन्हा असाच कॅमेरा वापरतो, एकाच बसवलेल्या लेन्सचा, फक्त त्यात रोल नसतो. आमच्या सोसायटीतली मुलं कीव येऊन म्हणतात, “काका, याच्यात झूमच नाहीये? मोबाइल घ्या ना.” मी हसतो. माझ्याकडून या जगाचं जे नुकसान व्हायचं ते झूमशिवायच झालेलं आहे, हे त्यांना काय सांगणार!

माणसं अशी अंगावर यायला लागल्यावर मी न बोलणारी गोष्ट शोधायला लागलो. ती मला आमच्याच तारेवर सापडली. त्याचं असं झालं की, ओल्या कपड्यांची पिशवी हँडलला लावून कर्वेनगर ते नारायण पेठ सायकल मारायचा मला कंटाळा आला होता. पिशवी गळायची, पँटचा डावा पाय रोज भिजायचा आणि कॉलेजात त्याचा वेगळाच अर्थ काढला जायचा. मी युक्ती केली. दिवाळीनंतर एकदा बाबांचा एक चौकटींचा जुना सदरा, एक पंचा आणि एक उशीचा अभ्रा तारेवर कायमचे अडकवून टाकले. आई रोज देईल ते ओले कपडे मी जाताना आमच्याच सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे वाळत घालायचो आणि येताना घेऊन जायचो. आईला कपडे वाळून मिळत होते, नानांना तारेवर कपडे दिसत होते, माझी पँट कोरडी राहत होती. यात चूक काय आहे हे मला आजही लगेच दाखवता यायचं नाही.

त्या तारेवर संध्याकाळचं ऊन बोळातून तिरकं यायचं. सदऱ्याची बाही अशी उजळायची की आत हात आहे असं वाटावं. समोरच्या इमारतीच्या जिन्याला एक वळण होतं, तिथं एक चौकोनी झरोका होता. त्या झरोक्यातून आमची तार अगदी कॅमेऱ्यात बसवल्यासारखी बसायची. एक पायरी खाली गेलं तर कठडा कापला जायचा, एक पायरी वर गेलं तर तार. आता लेन्स बदलता येत नव्हती म्हणून मीही कधी जागा बदलली नाही. शरदनं सांगितल्याप्रमाणे एकच गोष्ट धरली. दिवाळी ते पुढचा गणेशोत्सव, जेव्हा जेव्हा रोलमध्ये जागा असेल तेव्हा, त्याच पायरीवरून, तीच तार. थंडीत सदऱ्यावर दव असायचं. होळीच्या सुमाराला एका कोळ्यानं सदऱ्याच्या बाहीपासून कठड्यापर्यंत जाळं विणायला घेतलं. पावसाळ्यात पंचा फाटून त्याच्या दोन पट्ट्या झाल्या. मी हे सगळं भक्तिभावानं टिपत होतो. शरदला सुटे सुटे प्रिंट दाखवले. त्यानं एकेक उजेडाकडे धरून पाहिला आणि “जमायला लागलंय” म्हणाला. ते बाराही ओळीनं लावून पाहायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं.

गणपतीत मंडळानं शाळेच्या हॉलमध्ये छायाचित्रस्पर्धा ठेवली. विषय होता ‘आपली पेठ’. मी बाराही फोटो एका लांब काळ्या पुठ्ठ्यावर ओळीनं चिकटवले आणि प्रत्येकाखाली पांढऱ्या शाईनं तारीख, वेळ, छिद्र आणि शटर लिहिलं, कारण जाणकार तसं लिहितात असं वाचलं होतं. वर शीर्षक दिलं, ‘वास्तव्य’. स्पर्धेच्या समितीचे अध्यक्ष नाना आहेत हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. उलट मला तर ती सोन्यासारखी संधी वाटली. माझं डोकं असं चाललं होतं की, आपण राहतो की नाही हाच वाद आहे ना? मग घ्या, दिवाळीपासून आजपर्यंतच्या बारा तारखा, आणि बाराही तारखांना आमचे कपडे तारेवर! बाबा एकेक दिवस दिवा लावायला पाठवतात, मी दहा महिन्यांचा पुरावा एका पुठ्ठ्यावर आणला. घरी आधी सांगितलं नाही. बाबांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तो मी दिलाच.

नाना आले ते हात मागे बांधून. बाकीच्या फोटोंसमोर ते एकेक मिनिट थांबले. माझ्या पुठ्ठ्यासमोर आले आणि थांबलेच. चष्मा कपाळावर सरकवला, फोटोला नाक टेकेल इतके जवळ गेले, मग डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे गेले. मी मागे उभा राहून छाती फुगवत होतो.

“दिलीप,” मान न वळवता ते म्हणाले, “हा सदरा तुमच्या वडिलांचा का?”

“हो नाना.”

“तिसरं बटण तुटलंय. नवरात्रापासून तुटलेलं दिसतंय.”

“दिवाळीपासून,” मी दुरुस्ती केली. “खाली तारीख आहे बघा.”

“खरंच की. आणि हा कोळी. चांगलाच कष्टाळू दिसतो.”

“दीड महिना लागला त्याला!” मी म्हणालो. कलेतलं कळणारा माणूस भेटल्याचा आनंद माझ्या आवाजात मावत नव्हता. “पाचव्या फोटोत सुरुवात आहे, सातव्यात पूर्ण झालंय.”

“मध्ये कुणी मोडलं नाही?”

“एकदाही नाही. कुणाचा हातसुद्धा लागला नाही सदऱ्याला.”

नाना माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं त्याला मी कित्येक वर्षं कौतुक समजत होतो. आता वाटतं, तो माणूस माझ्यासाठी मनातून थोडासा हळहळला असावा. पण थोडासाच, कारण पुढच्याच क्षणाला ते म्हणाले, “पहिला नंबर तुझा. आणि हे बारा फोटो मला हवेत. काय घेशील?”

मी कानाला हात लावला. “नाना, तुमच्याकडून काय घ्यायचं!”

“बरं. मग असं कर, प्रत्येकाच्या मागे सही कर. तारीख घाल. कलावंतानं सही करायची पद्धत असते.”

मी तिथंच शाळेच्या बाकावर बसून एकेक फोटो पुठ्ठ्यावरून अलगद सोडवला आणि बारा सह्या केल्या. सही चांगली दिसावी म्हणून आधी एका कागदावर सराव केला. बक्षीस म्हणून स्टीलचा पाण्याचा जग मिळाला. आई त्या संध्याकाळी शेजारणींना तो जग दाखवत फिरली.

गणपती गेले, पितृपक्ष संपत आला आणि एका शनिवारी दुपारी रजिस्टर्ड पोस्टानं पाकीट आलं. आम्ही जेवायला बसलो होतो. शरदही आला होता, कारण त्या दिवशी आईनं मुद्दाम त्याच्यासाठी भरली वांगी केली होती. बाबांनी डाव्या हातानं पाकीट फोडलं आणि ऑफिसातली सर्क्युलरं वाचायच्या एकसुरी आवाजात मोठ्यानं वाचायला लागले. नाना वकिलामार्फत कळवत होते की सदर जागेचा वापर सहा महिन्यांहून अधिक काळ बंद आहे, आणि त्याबद्दल ‘सोबत जोडलेल्या बारा छायाचित्रांच्या प्रती पाहाव्यात, जी आपल्याच चिरंजीवांनी काढून, तारीख व स्वाक्षरीनिशी, स्वखुशीने व विनामोबदला आमच्या अशिलास दिली आहेत’. बाबांचा आवाज ‘विनामोबदला’पाशी थोडा घसरला. झेरॉक्स त्यांनी ताटाशेजारी एकावर एक ठेवल्या. शरदनं मान पुढे करून पाहिलं आणि घास तोंडाशी तसाच धरून राहिला. एक त्याला सदरा दिसला असणार, आणि दुसरं म्हणजे, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा काढली की काय होतं ते दिसलं असणार. आई म्हणाली, “अगं बाई, हा सदरा तर मी वर्षभर शोधतेय.” ताईनं वांग्याचा मसाला पोळीनं ताटात एका बाजूला सारला, उठली आणि हात धुतले.

बाबांनी शेवटची झेरॉक्स उलटी केली. मागच्या बाजूचीही प्रत काढली होती. “सही सुवाच्य आहे,” ते म्हणाले. त्या दिवशी ते माझ्याशी एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन नानांकडे गेले. नानांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, त्यांच्या सुनेनं चहा आणला. तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत त्यांची नऊ माणसं राहत होती हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं. धाकट्या मुलाचा पलंग स्वयंपाकघरात होता आणि पलंगाखाली पिठाचे डबे.

“आपण राहत असतात तर मी एक शब्द काढला नसता,” नाना बाबांना म्हणाले. “वीस वर्षांत काढला का?”

“नाही,” बाबा म्हणाले.

“दिवा लावता, ठीक आहे. बातम्या लावता, मलाही वर जाऊन ऐकाव्या लागत नाहीत. पण ती फोडणी कशाला हो? दर गुरुवारी मोहरी तडतडते, हिंगाचा वास येतो, आम्ही खाली कान लावून बसतो, आणि पुढे काहीच नाही. अहो, फोडणीत भाजी पडल्याचा आवाज नको का यायला? दोन वर्षं माझी बायको वाट बघतेय, आज तरी यांच्याकडे काही पडेल म्हणून.”

बाबा खाली बघत होते. माझ्या लक्षात आलं की, ते हसू दाबतायत. पण मग ते हसू निघून गेलं आणि बाबा चहाची बशी जपून खाली ठेवत म्हणाले, “नाना, मुलीला शब्द दिला होता मी. मार्गशीर्षात लग्न आहे. ती खरंच राहायला आली असती.”

“आली असती, यात मला शंका नाही. पण माझाही मुलगा तिशीचा झालाय. स्वयंपाकघरात झोपणाऱ्याला मुलगी कोण देणार? आपण कोर्टात गेलात तर वर्षं निघतील, ते मला ठाऊक आहे. आपण जाणार का तेवढं सांगा.”

आदल्या संध्याकाळीच सोसायटीतले सगळे बाबांना सांगून गेले होते, लढा, निदान दहा वर्षं जातील. पण कोर्टात शपथेवर सांगावं लागणार होतं की आम्ही तिथं राहत होतो. तारेवर सदरा लावणं वेगळं, दिवा लावणं वेगळं. तोंडानं शपथ घेऊन तसं म्हणणं बाबांना जमणारं नव्हतं. ते तिथं बसल्या बसल्याच त्यांना कळलं असावं. त्यांनी खिशातून किल्ली काढून चहाच्या कपाजवळ ठेवली. “सामान पुढच्या रविवारी काढतो,” म्हणाले. परत येताना आम्ही लकडी पुलावरून चालत आलो, सायकल मी हातात धरली होती. मी पुलाच्या मधोमध म्हणालो, “बाबा, चुकलं.” ते म्हणाले, “सायकल नीट धर, पेडल लागतंय मला.”

ताईशी बोलायला मला आठवडा लागला. ती गच्चीवर कपडे काढत होती, पाण्याच्या टाकीमागे, जिथं मी वर्षभर गुपचूप वाळवत होतो. मी एक टोक धरलं, चादरीची घडी घालायला. तिनं काठाला काठ जुळवत घडी पूर्ण केली.

“तुला राग आलाय ना?” मी विचारलं.

“नाना म्हणतात ते खरंय,” ती म्हणाली. “त्यांच्या मुलाचं काय चुकलं? खोटं आपलंच होतं. पण दिल्या, एक सांग, आईनं रोज ओले कपडे बांधून दिले तुला. रोज. तू निदान महिन्यातून एकदा सदरा बदलायचा नाहीस? ढोंग करायचं तर ते नीट तरी करावं रे.” मग चादर माझ्या हातातून घेतली. “दोन वर्षं मी त्या खिडकीची मापं पाठ करून बसले होते. साडेतीन बाय चार.” एवढं बोलून ती खाली गेली. पुढचे कित्येक महिने माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. ‘मीठ दे’, ‘दार लाव’, असं.

लग्न मार्गशीर्षातच झालं, साधंच. पेठेत परवडेल अशी जागा मिळाली नाही. शेवटी शरदच्या छापखान्यातल्या एकानं आपल्या गावी, लोणी काळभोरला, एका शेतकऱ्याच्या घरामागच्या दोन खोल्या सुचवल्या. सोलापूर रस्त्यावरून आत वळायचं, उसाच्या कडेनं दहा मिनिटं चालायचं. शरद रोज पहाटेची एस.टी. धरून पुण्याला यायचा. ताईनं पहिले तीन महिने तसं करून पाहिलं, मग बालवाडी सोडली. तिच्या बालवाडीतली मुलं निरोपाला तिच्या पदराला धरून उभी होती, असं आईनं सांगितलं. मी तिथं गेलो नव्हतो. मला बोलावलंही नव्हतं. लग्नाचे फोटो स्टुडिओवाल्यानं काढले. मला पंगतीत ताक वाढायला ठेवलं होतं, आणि ते काम, सांगायला हरकत नाही, मी निर्दोष केलं.

उन्हाळा सुरू होता होता आईनं मला कुरडयांचा डबा आणि लोणच्याची बरणी देऊन लोणीला पाठवलं. बरोबर कॅमेराही होता. तो घरी ठेवावा हे मला सुचायला हवं होतं, पण सुचलं असतं तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं. ताई घरी नव्हती. गावात शिवणाचा क्लास सुरू केला होता तिनं, तासाभरात येते, असं घरमालकीणबाई म्हणाल्या. उंच, काटक बाई, नऊवारीचा काष्टा आणि आवाज असा की उसातल्या माणसाशीही अंगणातूनच बोलायच्या. त्यांनी मला आपल्या ओसरीवर बसवलं आणि मी नको नको म्हणत असताना समोर ताट ठेवलं. चुलीवरची बाजरीची भाकरी, पिठलं, खरड्याचा गोळा, फोडलेला कांदा आणि वाटीभर घट्ट दही. एक भाकरी संपली की दुसरी पडायची. “खा, खा. शेरातली मानसं लई थोडं खात्यात,” असं म्हणून त्या स्वतःच तव्यावरची तिसरी उलटत होत्या.

चुलीचा धूर वर जाऊन कौलांमधल्या फटीतून येणाऱ्या उन्हात अडकला होता. त्यांच्या हातावरचं पीठ त्या उजेडात लखलखत होतं, आणि ओसरी ते चूल हे अंतर बरोबर दहा फूट होतं. मी हात पुसले, खिशातून कॅमेरा काढला आणि डोळ्याला लावला. बाईंनी भाकरी तव्यातच सोडली, दोन ढांगांत आल्या आणि पिठाचा अख्खा पंजा लेन्सवर ठेवला.

“अंहं. ते खाली ठिवा आधी,” त्या म्हणाल्या. “तुमच्या ताईनं ऱ्हायला आल्या दिवशीच मला बजावून ठिवलंय. म्हनली, भाऊ आला तर त्याला पोटभर जेवू घाला, पन घराचा फोटू काढू द्यू नगा, न्हाईतर ह्ये बी घर जाईल.”